दोन शर्यतींमधलं अंतर

आठवी ब च्या वर्गात मी फळ्यावर विदर्भातल्या नद्या काढत होते. वर्धा काढून झाली, वैनगंगेला सुरुवात केली आणि छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. इतकी वेगात, की दोन ठोके वेगळे कळेनात, नुसती थरथर. दुखत काहीच नव्हतं. मी खडू ठेवला आणि खुर्चीत बसले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचे ओठ पांढरे पडले."

मनगटावर शर्यतीत वापरायचे ते घड्याळ होतं. त्यावर ठोक्यांचा आकडा दोनशेच्या वर दिसत होता. मला वाटलं, घड्याळ बिघडलं. त्या हिवाळ्यात असं मला आधीही वाटलं होतं, सायकलवर असताना, आणि मी घड्याळाचा पट्टा बदलून मोकळी झाले होते.

आमच्या शाळेतले कुंभारे सर मला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. मी स्वतःच्या पायांनी आत गेले. कार्डिओग्रामचा कागद बाहेर आला तसा तिथला तरुण डॉक्टर एकदम उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही चालत आलात?"

"हो."

"आता अजिबात उठू नका."

मग माझ्याभोवती माणसं वाढली. कुणी हातात सुई घातली, कुणी ब्लाउजची बटणं काढली, छातीवर थंडगार पॅड चिकटवले. डॉक्टर सांगत होता की हृदयाचा खालचा कप्पा आपल्याच मनानं धावतोय, गुंगी देऊन शॉक द्यावा लागेल. मी त्याला विचारलं, "पुढच्या महिन्यात माझी गोव्याला शर्यत आहे, जाता येईल ना?" त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

जाग आली तेव्हा पायथ्याशी सुनील उभे होते, माझे यजमान. तहसील कार्यालयातून तसेच आलेले, गळ्यात ओळखपत्र.

"शाळेतून फोन आला तवा मले वाटलं, तू सायकलवर होती," ते म्हणाले. "सायकलवर असती तं?"

मी आणि माझ्या शर्यती

माझं नाव वैशाली. वय त्रेचाळीस. भूगोल शिकवते, वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहते. माहेर सेलू तालुक्यातलं, भाजीपाल्याचं घर. वांगी, मेथी, कोबी. बाबांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला, गजाननला, पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं. लग्नानंतर पोहणं सुटलं. लेक आर्या शाळेत जायला लागली तसं मी पहाटे धावायला लागले, मग सायकल घेतली, मग नागपूरच्या एका क्लबाशी ओळख झाली आणि तिथे पहिल्यांदा लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं नाव ऐकलं. जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, लगेच एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि मग पूर्ण मॅरेथॉन धावायची. सगळं एका दिवसात.

पहिली पूर्ण केली तेव्हा शेवटच्या रेषेवर मी जमिनीला हात लावून नमस्कार केला. चाळिशीची बाई, भूगोलाची मास्तरीण. शाळेनं हार घातला, चौकात माझ्या फोटोचा फलक लागला. ते सुख खोटं होतं असं मी आज आजारी आहे म्हणून म्हणणार नाही.

पण त्या सुखानंतर एक पोकळी येते, आणि ती कशी भरायची हे कुणी सांगत नाही. आठवड्याभरात मी पुढच्या शर्यतीत नाव घातलं. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी एकाच हिवाळ्यात तीन, आणि मध्ये अर्ध्या पल्ल्याच्या शर्यती, त्या तर मी मोजायचेही नाही. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ होते, ते म्हणायचे, "वैशालीताई, वर्षाला एक करा. अंग सावरायला वेळ लागतो." आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. व्हॉट्सअपच्या गटात टाळ्या पडायच्या त्या जास्त करणाऱ्याला. थांबलेल्याला कुणी टाळी देत नाही.

त्या हिवाळ्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शर्यतीच्या मध्ये मला सडकून ताप आला. ताप उतरल्यावर चार दिवसांनी मी हिंगणघाट रोडवर सायकलवर होते. सुनील दारात उभे राहून म्हणाले होते, "काऊन करून राह्यली तू हे? कोण मागं लागलं तुह्या?" मी हेल्मेटचा पट्टा लावत "येते" म्हटलं.

तिसऱ्या शर्यतीत धावताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन्ही वेळा मी विजेच्या खांबाला धरून उभी राहिले, मिठाचं पाणी प्याले आणि पुढे गेले. शर्यत पूर्ण केली. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती ती.

अतिदक्षता विभाग

तिथे दिवस-रात्र सारखेच असतात. दिवा कधी मालवत नाहीत. पहाटे रक्त घेतात, मग अंग पुसतात, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट पाहणं. भेटायची वेळ संपली की घरचे काचेच्या पलीकडे जातात. डोक्यामागे मॉनिटर असतो. तो आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणून प्रत्येक जण येणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपलं भविष्य वाचतो.

माझी सगळी ताकद पायांत होती, आणि इथे मला संडासाला जायचीही परवानगी नव्हती. पहिल्यांदा भांडं दिलं तेव्हा मी पडदा ओढायला सांगून खूप रडले. मावशींनी (तिथल्या आया, सगळे त्यांना मावशीच म्हणत) रडू दिलं. मग तेल आणून माझ्या केसांचा गुंता सोडवला, दोन वेण्या घातल्या, शाळकरी पोरीसारख्या. "आता बरं वाटून राह्यलं ना?" एवढंच विचारलं. वाटत होतं. मोठमोठ्या गोष्टींनी नाही वाटलं, त्या वेण्यांनी वाटलं.

शेजारच्या खाटेवर पुलगावच्या एक आजी होत्या. त्यांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं.

"तू पळते म्हनत?"

"हो आजी."

"कोनापासून?"

मी हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मॉनिटरचा आवाज बदलला, पडदे ओढले गेले, बराच वेळ माणसांची धावपळ ऐकू आली आणि मग ऐकू येईनाशी झाली. संध्याकाळी त्या खाटेवर नवी चादर होती. आजींनी विचारलं होतं त्याचं उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

निदानाचा दिवस

पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरला नेलं. हृदयाचा एमआरआय झाला. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला, सुनीलला आणि माझ्या आईला एकत्र बसवलं. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चित्र समोर ठेवून सांगितलं, की हृदयाच्या उजव्या बाजूच्या स्नायूची जागा काही ठिकाणी चरबीनं आणि वणांनी घेतली आहे. वण म्हणजे मेलेला भाग. तो परत जिवंत होत नाही.

मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?"

आई आधी नाही म्हणाली. मग पदर सारखा करत थांबली.

"माहा भाऊ गेलता," ती म्हणाली. "चोवीस-पंचवीसचा होता. कबड्डी खेळता खेळता पडला मैदानात. उन्हानं झालं म्हने. कोनी म्हने नजर लागली."

डॉक्टर म्हणाले, "ऊन नसावं."

हा आजार बहुधा रक्ताच्या नात्यातून येतो, त्यांनी समजावलं. जन्मतः असतो तो फक्त जनुकातला दोष. काहींच्या हृदयावर तो आयुष्यभर दिसतही नाही. पण हृदयाला सतत आणि खूप वेळ ताणलं तर आजार लवकर येतो आणि झपाट्यानं वाढतो.

मी विचारलं, "वर्षाला एकच केली असती तर?"

"तुमच्यासाठी एकही योग्य नव्हती. पण हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि कुणालाच नव्हतं."

"आणि बाकीच्यांनी? ज्यांना हा दोष नाही त्यांनी किती कराव्यात?"

त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडे आकडा नाही. जो तुम्हाला छातीठोक आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी एवढंच सांगतो, की एवढ्या मोठ्या शर्यतीनंतर निरोगी हृदयही थकलेलं असतं. त्याला सावरायला वेळ लागतो. तुम्ही तो कधी दिलाच नाहीत. तापातसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली ती उठेचना. "माह्याच रक्तातून आलं हे," ती म्हणत राहिली. "मी दिलं तुले हे, बाई." मी तिचा हात धरून बसले. तिची समजूत घालण्याइतकं बळ तेव्हा माझ्यात नव्हतं. तिला माझ्या जवळ बसू दिलं, एवढंच करू शकले.

छातीतलं यंत्र

डाव्या खांद्याखाली त्यांनी एक लहानसं यंत्र बसवलं. ठोके बिघडले की ते आतूनच शॉक देऊन हृदय ताळ्यावर आणतं. "तुमची राखणदारी करेल," असं सांगितलं होतं. शॉक लागेल तेव्हा कसं वाटेल हे विचारायचं मी टाळलं.

टाके सुकल्यावर मी माहेरी राहायला गेले. सकाळची वेळ होती. आई वांगी तोडत होती, मी नुसतीच बांधावरून हळू चालत होते. आणि मला फटका बसला. ओल्या हातानं मोटारीच्या उघड्या वायरला शिवल्यासारखा, फक्त तो आतून आला. मी ओरडले. पडले. आई धावत आली, आणि तिनं मला धरलं तोच दुसरा बसला. मग तिसरा. मी पूर्ण शुद्धीवर होते. सगळ्यात वाईट म्हणजे दोन फटक्यांमधलं ते थांबणं. पुढचा येणार हे माहीत असतं आणि करण्यासारखं काही नसतं. मी आईला म्हणत होते, "सोड, तुलेही लागंन." तिनं सोडलं नाही.

गजाननने मला मालवाहू गाडीच्या मागच्या भागात, वांग्यांच्या क्रेटांमध्ये निजवून सेलूपर्यंत आणलं, तिथून रुग्णवाहिका. औषधं बदलली. तेव्हापासून फटका बसलेला नाही.

पण त्यानंतरची भीती शॉकपेक्षा मोठी होती, आणि तिच्याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहितेय. मी न्हाणीघराचं दार लावून अंघोळ करू शकत नव्हते. जिना चढताना ठोका वाढला की तिथेच बसायचे. ज्या बाईनं समुद्राच्या लाटांत उडी घातली होती, ती गल्लीच्या टोकावरच्या दुकानात एकटी जाईना. सावंगीला एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे मी बरेच महिने गेले. त्या म्हणायच्या, "भीती जायची वाट पाहू नका, तिला सोबत घेऊन दुकानापर्यंत जा." आधी फाटकापर्यंत, मग शेजारच्या घरापर्यंत. अशी मी पुन्हा चालायला शिकले. यंत्र बसवलेल्यांनी ही मदत मागायला लाजू नये.

सुनील

दवाखान्यात माझे यजमान देवमाणसासारखे वागले. घरी आल्यावर बोलेनासे झाले. जेवण वाढून द्यायचे, गोळ्या काढून ठेवायचे, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. एक दिवस मी परसात गेले तर माझी सायकल नव्हती. त्यांनी ती न विचारता कुणाला तरी देऊन टाकली होती.

मी खूप बोलले. माझी वस्तू, माझा घाम, तुम्ही कोण ठरवणारे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मले तुह्यावर राग येऊन राह्यला, वैशाली. तू जगली म्हून येऊन राह्यला. मेली असती तं रडलो असतो, लोकायनं सांत्वन केलं असतं. आता रोज सकाळी उठून पाह्यतो तू श्वास घेते का नाई. अन् हे सारं तू आपल्या मनानं आणलं, असं वाटते. डॉक्टर सांगते तुह्या रक्तात होतं. ते डोक्याले समजते, मनाले नाई समजत."

भांडणात खरं बोललं की पुढे भांडता येत नाही. तो राग गेला असं मी म्हणणार नाही. आता आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलू शकतो, इतकंच.

गजानन आणि आर्या

डॉक्टरांनी रक्ताच्या नात्यातल्यांची तपासणी करायला सांगितलं होतं. आधी गजाननची झाली. दोष त्याच्यातही निघाला. पण त्याचं हृदय चित्रात स्वच्छ होतं, एकही वण नाही. एकाच आईची दोन लेकरं, तोच दोष, वयात दोन वर्षांचं अंतर.

"म्हंजे मी कधी पळालो नाई म्हून वाचलो का, ताई?" तो म्हणाला. त्याला हसवायचं होतं. मग माझ्याकडे पाहून त्याचेच डोळे भरले.

माझ्या शर्यतींनी काय केलं, हे मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

राहिली आर्या. सतरा वर्षांची, जिल्ह्यात पंधराशे मीटरमध्ये पहिली येणारी. मला पाहून धावायला लागलेली. तपासणी करायची की नाही हे डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं. ती म्हणाली, "करा." निकाल ऐकताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. दोष तिच्यातही आहे. हृदय अजून चांगलं आहे, आणि ते तसंच ठेवायचं असेल तर स्पर्धेचं धावणं आजपासून बंद. चालणं, हलकी सायकल चालेल.

पुढचा महिनाभर ती फारसं बोलली नाही. विभागीय स्पर्धा होत्या त्या दिवशी ती दार लावून झोपून राहिली. मी दाराबाहेर बसले होते. ठोठावायचा धीर झाला नाही.

जे मला विचारतात

अजूनही धावणारी, सायकल चालवणारी माणसं मला फोन करतात. ताई, वर्षाला किती करू? दोन चालतील का? तीन? माझ्याकडेही आकडा नाही. मी त्यांना उलट विचारते. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? धडधड, अंधारी, चक्कर असं काही होतं का? हृदयाची नीट तपासणी केलीत का, की नुसतं शर्यतीपुरतं प्रमाणपत्र आणलंत? मागच्या शर्यतीनंतर झोप, भूक, सकाळचे ठोके पूर्ववत झाले का? ताप होता का? आणि शेवटचं, पुढच्या शर्यतीत नाव घातलं ते हौसेनं, की पोकळी सहन होईना म्हणून?

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण विषय बदलतात. मग मी म्हणते, या वर्षी थांबा. काही ऐकतात. एकानं ऐकलं नाही, आणि त्याला काही झालंही नाही. तो पदक घालून मला फोटो पाठवतो. मी त्याचं अभिनंदन करते. माझ्यासारखं सगळ्यांचं होत नाही, हेही खरंच आहे, आणि म्हणूनच कुणी थांबत नाही.

मागच्या आठवड्यात आर्या माझ्याबरोबर फिरायला आली. खूप दिवसांनी. कालव्याच्या कडेनं आम्ही सावकाश चाललो होतो. समोरून पोरापोरींचा एक घोळका धावत आला आणि आमच्या बाजूनं निघून गेला. ती वळून त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "आई, तुले आधी माहीत असतं तर तू थांबली असती?"

मला हो म्हणायचं होतं. आईनं हो म्हणायला हवं होतं.

"पहिली केली असती," मी म्हटलं. "लपून केली असती, पण केली असती."

"अन् दुसरी?"

मी लांब गेलेल्या त्या घोळक्याकडे पाहिलं.

"आर्या, मला माहीत नाही."

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता चिडेल, मागे फिरेल. पण ती माझ्या चालीला चाल देत शेजारीच राहिली. थोडं पुढे गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "खरं बोलली तू. मलेही नाई माहीत मी थांबीन का. म्हून तू रोज यायचं माह्यासंगं. मी पळाली तर तुले मागून आवाज देता आला पाह्यजे."

आता आम्ही रोज जातो. ती माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे चालते.